मन निवळेपर्यंत

ला कुम्ब्रे, कोस्टा रिका
चौथा महिना, पाचवा दिवस, १९७६

लोवेल,

पाकिटावर माझं नाव वाचूनही तू ते उघडलंस, म्हणजे निम्मं काम झालं. तुझा पत्ता आई गेली तेव्हा तुझ्या बायकोने पाठवलेल्या कार्डावर होता. त्या कार्डाबद्दल तिचे आभार मानायचे राहून गेले, तेवढं तिला सांग. चार वर्षं उशीर झालाय, पण आपल्या घराण्यात एवढा उशीर चालतो.

तारीख अजून जुन्या क्वेकर पद्धतीनेच घालते, महिन्याला नाव नाही, नुसता आकडा. हसायचं असेल तर हस.

बाबा बरे आहेत. एक्याऐंशी झाले, तरी कुंपणाचे खांब स्वतः रोवतात आणि मग दोन दिवस पाठ धरून बसतात. आर्लो चीजच्या कारखान्यात असतो, गाई मी बघते. तुझ्याबद्दल घरात कोणी बोलत नाही, हे तुला मी सांगायला नको.

माझ्या आणि आर्लोच्या मुलीचं, लेटीचं, लग्न ठरलंय. तू तिला पाहिलेलं नाहीस. चोवीस वर्षांची आहे, शाळेत शिकवते, आणि जीभ माझी घेतली आहे असं आर्लो म्हणतो. मुलगा इथलाच, ओल्गेर विय्यालोबोस, खेड्यापाड्यांवरचा पोलीस. या देशाला सैन्य नाही, म्हणून तर आपली युद्ध न मानणारी माणसं अलाबामा सोडून इथे आली. पण गुरंचोर सैन्य नसलं तरी असतातच, तेव्हा पोलीस लागतो, आणि त्याच्या कमरेला पिस्तूल असतं.

लग्न आपल्याच पद्धतीने व्हावं हा हट्ट लेटीचा. नियम तुझ्या वेळचेच आहेत. दोघांनी सभेला पत्र लिहिलं, सभेने चार जण नेमले, ते तीन संध्याकाळी या दोघांना घेऊन बसले. निवळणीची बैठक म्हणतो ना आपण, तीच. देव, पैसा, पोरंबाळं, पिस्तूल, काही विचारायचं ठेवलं नाही. ओल्गेर म्हणाला, "नोकरी सोडणार नाही, माझी आई तिच्यावर जेवते. पण पिस्तूल चौकीवर ठेवून घरी येईन. लेटीच्या उंबऱ्याच्या आत ते कधी येणार नाही." चौघांची मनं निवळली. तसं त्यांनी लिहून दिलं.

काल महिन्याची सभा होती. हल्ली आयडेला चिटणीस आहे. तिने ते वाचून दाखवलं आणि सभेचं मन काय म्हणून विचारलं. एकेक जण "मला मान्य", "मलाही" म्हणत होता. लेटी खाली बघून हसत होती. आणि मी उठून म्हणाले, "माझं मन निवळलेलं नाही."

आपल्यात हात वर करून मोजत नाहीत. एकाचं मन अडलं की सगळ्यांचं अडतं. आयडेलाने लिहिलं, "एका सदस्याचं मन निवळलेलं नाही, विषय पुढच्या महिन्यावर." या महिन्याच्या चोवीसला लग्न होतं. जेवणासाठीचं चीज आर्लोने वेगळं काढून ठेवलं होतं, ते तो परत फळीवर ठेवून आला.

स्वतःच्या मुलीचं लग्न अडवलंस, असं तू म्हणशील. अडवलं. पिस्तूल लावणारा माणूस आहे. सभा पिस्तुलाला हो म्हणते आणि कोणाला काही वाटत नाही. मला वाटलं. एवढंच आहे.

हे तुलाच का लिहिते आहे ते विचारू नकोस.

वेर्ना

*

चौथा महिना, एकोणिसावा दिवस

लोवेल,

तुझं उत्तर आलेलं नाही, येईल असंही मी धरलं नव्हतं. पण इथे माझ्याशी बोलायला कोणी उरलेलं नाही, तेव्हा तुझ्यावर ही पाळी.

भांडत कोणी नाही, हीच तर पंचाईत आहे. आपली माणसं भांडतील तर ती आपली कसली. माझ्या दारात रोज कोणीतरी पाव आणून ठेवतं. आयडेला आली, तासभर माझ्यासोबत ओसरीवर बसली, माझा हात हातात धरला आणि गेली. दुसरी एक आली, तिने डोळे मिटून माझ्यासाठी प्रार्थना केली. "वेर्ना, तुला झालंय काय?" असं एकीने म्हणावं की नाही? नाही म्हणत. दुसऱ्याच्या मनावर जोर करायचा नाही, त्याच्या आतला उजेड त्याला वाट दाखवेल, हे आपल्याला पाळण्यात असल्यापासून शिकवलेलं. मी उठून ते वाक्य बोलले तेव्हा मला वाटलं होतं, कोणीतरी विचारेलच, का? त्यांनी नोंद केली आणि विषय पुढे ढकलला. मी माझ्याच माणसांना इतकं कमी ओळखते, याचं मला हसू यावं की रडू ते कळत नाही.

आर्लोसुद्धा विचारत नाही. काल जेवताना मी ताट आपटलं. तो म्हणाला, "तांबड्या गाईचं दूध पातळ लागतंय हल्ली."

विचारायला जवळजवळ आली ती ओल्गेरची आई, दोन्या एउलालिया. दोन्या म्हणजे इथे बाईच्या नावाआधी लावायचा मान. मलाही लावतात, आणि आपल्यात कोणाला मान लावत नाहीत म्हणून बाबा अजून त्यावर नाक मुरडतात. शनिवारी आली ती भोपळ्याच्या मुरंब्याची बरणी घेऊन. त्यांचा ईस्टरआधीचा पवित्र आठवडा होता, त्या दिवसांत हे लोक घरोघरी तो मुरंबा वाटतात. बरणी टेबलावर ठेवली आणि उभ्या उभ्या सुरू झाली.

"दोन्या वेर्ना, माझा मुलगा नको असेल तर तोंडावर सांगा. आमच्यात तोंडावर सांगतात."

"मुलगा चांगला आहे."

"मग मुलगी वाईट आहे का?"

"मुलगीही चांगली आहे."

"मग वाईट आहे तरी कोण?" ती खुर्चीत बसली. "ऐका माझं. पाद्री नाही, वाजंत्री नाही, वाइनचा थेंब नाही. सगळ्यांनी नुसतं गप्प बसायचं, आणि मग त्या दोघांनी आपलं आपण उठून बोलायचं. मी ओल्गेरला म्हटलं, हे लग्न आहे की दाताच्या डॉक्टरकडचा बाक? तरी मी हो म्हटलं. पाद्रींची बोलणी खाल्ली, बहिणींची खाल्ली. सगळ्यांना सांगून बसले की हे शांत लोक आहेत, यांची पद्धत आहे. आणि आता तुमच्याच पद्धतीच्या लग्नाला तुम्हीच आडव्या! पुढच्या वेळी भांडायचं असेल तर आमच्यासारखं भांडा हो, ताटं फोडून. निदान कळतं तरी कोण कोणावर चिडलंय."

वाईट आहे तरी कोण, या तिच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. पण तोवर ती पाद्रींवर गेली होती. मुरंबा चांगला होता. मी एकटीने अर्धी बरणी संपवली.

लेटी आयडेलाकडे राहायला गेली आहे. परवा कपडे न्यायला आली. माझ्याकडे न बघता बोलत होती. "आई, ओल्गेरला उत्तरेला बदली मिळते आहे, लिबेरिया गावाच्या पलीकडे. तो नको म्हणणार होता. आता मी त्याला घे म्हटलंय. पुढच्या सभेतही तुझं मन निवळलं नाही, तर आम्ही खाली सान ग्रेगोरियोच्या चर्चमध्ये लग्न करू आणि तसेच निघून जाऊ. बोलवायला मी येणार नाही."

मी म्हटलं, "तू चर्चमध्ये? पाद्रींसमोर गुडघे टेकून?"

ती म्हणाली, "ते निदान हो की नाही ते सांगतात."

ती कपड्यांची पिशवी घेऊन उतार उतरत गेली, आणि मला तू दिसलास. इथेच थांबते.

वेर्ना

*

चौथा महिना, सत्ताविसावा दिवस

लोवेल,

तुझं पत्र काल पोचलं. पाच ओळी, आणि त्यातली शेवटची "पुन्हा पत्र पाठवू नकोस." म्हणून पाठवते आहे.

"तुम्ही लोक बदलला नाहीत. अंगावर वर्दी दिसली की दार बंद. त्या पोराला माझ्याकडून सांग, वेळ आहे तोवर पळ." हे तू मला लिहिलंस. मला, लोवेल! वाचून मी गोठ्यात जाऊन बसले. राग तुझा आला, मग माझा आला. कारण पहिल्या पत्रात मी जे लिहिलं त्यावरून कोणीही हेच समजलं असतं. पिस्तुलाचं कारण मी तुलाही तसंच दिलं जसं त्यांना दिलं, आणि तू ते खरं धरलंस. मी तुझ्या लेखी सभेतल्या समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांतली एक झाले.

तर आता खरं ऐक. ते माझ्याकडून काढलं त्या पोरानेच.

आज पहाटे मी दूध काढत होते. ओल्गेर गोठ्याच्या दारात आला, वर्दीत, पण कमरेचं चामडी म्यान रिकामं. तांबडी वाटेत उभी होती. तिला म्हणाला, "जरा सरकता का तुम्ही?" हा माणूस गाईलाही तुम्ही म्हणतो. आपल्याकडे राजालाही तू म्हणायची शिस्त, आणि याच्याकडे गाईलाही तुम्ही. दोन्ही एकाच घरात कसं नांदणार म्हणून आर्लो त्यांना चिडवायचा, सगळं बरं होतं तेव्हा.

तो बादली उलटी करून बसला. म्हणाला, "दोन्या वेर्ना, चौकीवर लोक तक्रार घेऊन येतात. आधी सांगतात ती तक्रार खरी नसते. कोंबडी चोरली म्हणतात, आणि निघतं बांधाचं भांडण. मी म्हणतो, बसा, कॉफी घ्या, आता खरी सांगा. तुमची खरी कोणती?"

"पिस्तूल," मी म्हटलं.

"ही कोंबडी झाली."

मी दूध काढत राहिले. तो हलला नाही. एवढ्या दिवसांत मला सरळ विचारणारा हा पहिला माणूस, कारण विचारणं ही त्याची नोकरी आहे. मग मी सांगितलं.

त्याला म्हटलं, मला एक भाऊ आहे. एकोणीस वर्षांचा होता. आमच्या सभेतली पोरं सैन्यात नाव नोंदवायला नकार देऊन तुरुंगात गेली, त्यांत माझा आर्लो होता. माझा भाऊ उलट दिशेने गेला, आपणहून भरती झाला, कोरियाला गेला. त्याचं मन त्याला तिकडे घेऊन गेलं. मी आर्लोला भेटायला तुरुंगाच्या गावी गेले होते, तेवढ्यात सभा बसली आणि भावाचं नाव सभेतून काढलं. परत आले तेव्हा नोंद झाली होती. नोंद बाबांच्या अक्षरात होती, कारण तेव्हा चिटणीस तेच. त्याची नक्कल भावाला टपालाने गेली. पुढच्या वर्षी आम्ही सगळं विकून इकडे आलो, आणि त्याचं नाव कोणी घेतलं नाही. आणि आता तीच सभा, त्यातलीच चार डोकी आजही समोरच्या बाकावर बसतात, आणि ती म्हणतात, पिस्तूलवाला आला तरी आमची मनं निवळली. सरळ मुलगा आहे म्हणे. माझा भाऊ काय वाकडा होता?

हे बोलताना मी रडत होते हे मला नंतर कळलं. तांबडीने लाथ मारून दुधाची बादली पाडली.

ओल्गेरने ती सरळ केली. "म्हणजे माझ्याबद्दल तुमची तक्रार नाही."

"नाही."

"तक्रार तुमच्या भावाची, आणि लग्न अडलं माझं."

"हो."

"हे तुम्ही सभेत सांगितलंत?"

"कोणी विचारलंच नाही."

तो म्हणाला, "दोन्या वेर्ना, विचारल्याशिवाय सांगायचं नाही, ही चोरांची पद्धत. तुम्ही कशाला पाळता?" मग उठला. "लेटीला हे मी सांगणार नाही. दुसऱ्याची तक्रार मी पोचवत नाही, तुमची तुम्ही सांगा. पण बदलीच्या कागदावर मला पुढच्या सोमवारी सही करायची आहे."

आता तुला कळलं ना मी कोणावर चिडले आहे? बाबांवर. सभेवर चिडायला मला सोपं जातं, कारण सभेला चेहरा नाही. नोंद त्यांनी लिहिली. आपल्या मुलाचं नाव काढताना त्यांचा हात थरथरलासुद्धा नाही. ते अक्षर मी पाहिलंय, तूही पाहिलंयस, छापल्यासारखं होतं. मी रोज त्यांना सूप वाढते, त्यांची पाठ शेकते, आणि पंचवीस वर्षं मला त्यांना विचारायचंय, कसं लिहिलंस?

रविवारी सभा आहे. बोलले तर एक्याऐंशी वर्षांच्या माणसाला सगळ्यांदेखत उघडं पाडायचं. गप्प बसले तर लेटी जाते. मन निवळलं असं खोटं सांगून टाकलं तर लग्न होईल, पण मग मी त्या बाकावर पुन्हा कशी बसू? मला भीती वाटते, लोवेल. हे वाक्य मी आर्लोलाही बोललेले नाही.

वेर्ना

*

पाचवा महिना, तिसरा दिवस

लोवेल,

नीट क्रमाने सांगायचा प्रयत्न करते. 

काल सभाघर भरलं होतं. एरवी न येणारेही आले होते. लेटी आणि ओल्गेर मागच्या बाकावर. दोन्या एउलालियाही होती, काळी ओढणी घेऊन. तिला कोणी बोलावलं नव्हतं, पण आपल्यात दार बंद नसतं, हे तिने बरोबर लक्षात ठेवलं. बाबा समोरच्या बाकावर, काठीवर हनुवटी टेकून. आम्ही गप्प बसलो. मग आयडेलाने मागची नोंद वाचली आणि माझ्याकडे बघितलं, विचारलं मात्र नाही. सगळे माझ्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते.

मी उठले. म्हटलं, "ओल्गेरबद्दल माझं मन कधीच गढूळ नव्हतं. मी पिस्तुलाचं नाव पुढे केलं ते खोटं होतं. माझं मन या सभेबद्दल निवळलेलं नाही. तुम्ही आज याला आत घेता, ते बरोबर करता. मग लोवेलला बाहेर का काढलंत? तो आपल्याच बाकांवर वाढला होता. त्याला बसवून चार जणांनी एकदा तरी विचारलं का, तुझं मन काय म्हणतं? परक्या मुलाला तुम्ही तीन संध्याकाळी दिल्यात. माझ्या भावाला एक कागद दिलात."

तुझं नाव पंचवीस वर्षांनी त्या खोलीत मोठ्याने घेतलं गेलं, आणि ते मी घेतलं. मग मी बाबांकडे वळले. वळायचं नव्हतं. पण म्हणाले, "आणि बाबा, तो कागद तू लिहिलास."

बसले. आर्लोने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

कोणीतरी घसा खाकरू लागलं आणि मध्येच थांबलं. दोन्या एउलालिया माळेचे मणी ओढत होती, त्यांचा आवाज येत होता. कितीतरी वेळाने बाबा काठी रोवून उठले. मला वाटलं ते निघून जाणार. लेटी अर्धी उठली, त्यांना धरायला.

बाबा म्हणाले, "त्या दिवशी माझंही मन निवळलेलं नव्हतं."

लेटी परत बसली.

"मी चिटणीस होतो," ते म्हणाले. "चिटणीसाने सभेचं मन लिहायचं, आपलं मधे घालायचं नाही. सभा म्हणाली, नाव काढावं. मी लेखणी उचलली आणि थांबलो. वाटलं, कोणीतरी म्हणेल, विल्मट, तुझा मुलगा आहे, तुझं काय? सगळे डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, विचारत नाहीत म्हणजे त्यांना ठाऊक आहे, ठाऊक असून ते मला धीर देताहेत. मग लिहिलं. पहिल्यांदा अक्षर बिघडलं, तो कागद टाकला आणि दुसऱ्यावर चांगलं लिहिलं. घरी गेलो. वेर्नाच्या आईने विचारलं, काय झालं. तिला म्हटलं, सभेने ठरवलं. तिने पुढे काही विचारलं नाही. मी एक वाक्य बोललो असतो, तर नोंद झाली नसती. एकाचं मन अडलं की सगळ्यांचं अडतं. मी अडवायला हवं होतं. वेर्ना मागच्या सभेत उठली आणि तिने अडवलं, तेव्हा मला तिचा हेवा वाटला. तिचं कारण काय ते मला माहीत नव्हतं, तरी हेवा वाटला."

एवढं बोलून ते बसले, आणि म्हाताऱ्या माणसाने रडावं तसे, आवाज न करता, सगळ्यांसमोर रडले. मला अजूनही त्यांचा राग येतोय, लोवेल, हे तुझ्यापासून लपवत नाही. एक वाक्य! एक वाक्य बोलता आलं नाही या माणसाला! पण ज्या माणसावर मी इतकी वर्षं चिडले होते, हात न थरथरता लिहिणारा, तो माणूस कधी नव्हताच. आता रागाचं काय करायचं ते मला समजत नाही.

आयडेलाचे डोळे भरले होते. म्हणाली, "मी नोंद काय लिहू?"

बाबा म्हणाले, "लिहू नकोस अजून. आधी विचार. नाव घेऊन, एकेकाला."

आणि तिने विचारलं. बाकांमधून चालत गेली आणि नावं घेऊन एकेकाला विचारलं, तुझं नाव काढलं ते बरोबर होतं का. असं आपल्यात कोणी कधी केलं नव्हतं. बरेच जण म्हणाले की ते तेव्हा लहान होते, पण चुकलं. मर्ल आठवतो तुला? तुझं नाव काढावं असं तेव्हा सर्वांत आधी तोच म्हणाला होता. तो म्हणाला, "मला तेव्हा बरोबर वाटलं होतं आणि आजही वाटतं. खोटं सांगणार नाही. पण बाकीच्यांची मनं तिकडे जात असतील तर मी आड येत नाही." मला त्याचा हेवा नाही वाटला, पण त्याने खरं सांगितलं.

मागून लेटी उठली. "माझं लग्न राहिलं का बाजूला?" मला हसू आलं. काही जण खरोखर हसले. आयडेलाने मला विचारलं, नाव घेऊन, "वेर्ना, तुझं मन निवळलं का?"

मी म्हटलं, "निवळलं."

लग्न मान्य झालं, जूनच्या बारा तारखेला. बघ, घाईत मीही जूनच लिहिलं. तुझं नाव परत घ्यायचं का, हे त्यांनी ठरवलेलं नाही. ते तुला विचारल्याशिवाय ठरवायचं नाही, असं ठरलं.

बाहेर आल्यावर लेटी माझ्यासमोर उभी राहिली. "आई, हे तू मला महिनाभर आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस."

"आता मी तुला मारेन," ती म्हणाली, आणि गळ्यात पडली. दोन्या एउलालियाने आम्हा दोघींना एकत्रच कवटाळलं. म्हणाली, "हे बरं झालं. इतका आरडाओरडा तर आमच्या चर्चमध्येही होत नाही." आवाज एकदाही चढला नव्हता, पण तिला तो ऐकू आला होता.

वेर्ना

*

पाचवा महिना, नववा दिवस

लोवेल,

हे छोटं पत्र आहे, कामाचं.

लग्न सहाव्या महिन्याच्या बाराव्या दिवशी, शनिवारी, सकाळी दहाला. कायद्याची सही आदल्या दिवशी वकिलाकडे होऊन जाईल. पुंतारेनासहून सान ग्रेगोरियोपर्यंत बस येते. तिथून वर तेव्हा चिखल असेल, ओल्गेर जीप घेऊन उतरेल. तुझ्या बायकोलाही आण. खोली रिकामी आहे.

सभेत बस, बाहेर बस, तुझी मर्जी. लग्नाच्या कागदावर सह्या हजर असलेला कोणीही करतो, सदस्य असो नसो, पोरंही करतात. त्या शांततेत कोणालाही उठून बोलता येतं हे तुला माहीत आहे. बाबांना जे ऐकवायचं असेल ते तिथेही ऐकवू शकतोस. मला त्याची भीती वाटते, आणि तरी ये म्हणते. दोन्या एउलालियाच्या बहिणी येणार आहेत, त्यांना काहीतरी बघायला मिळेल.

येणार नसशील तर लिहू नकोस, मला ते वाचायचं नाही. तुझ्यासाठी हे लग्न मी एकदा थांबवलं. आता थांबवणार नाही. दहाला सगळे बसतील, आणि लेटीचं मन होईल तेव्हा ती उठेल.

बाबांना सांगितलं, मी लोवेलला पत्र लिहिते आहे. ते म्हणाले, खाली जागा ठेव. ठेवली आहे. काय लिहितात ते मी बघणार नाही, पाकीट तेच बंद करतील.

वेर्ना

लोवेल,
हे मी चिटणीस म्हणून लिहीत नाही. कोणी लिहायला सांगितलेलं नाही.
तुझं मन काय म्हणत होतं, ते मला तेव्हा विचारायचं होतं. अजून विचारायचं आहे.
अक्षर बिघडलं आहे. दुसरा कागद घेतलेला नाही.
ये.
तुझा बाप